आंबिलीची भांडी : स्वच्छता व निर्जंतुकीकरण

आंबील आंबवण्यासाठी, शिजवल्यावर मुरत ठेवण्यासाठी व शेतात नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भांड्यांची घरगुती साधनांनी करावयाची निगा. तिचे दोन टप्पे आहेत : खरकटे, पिठाचा थर व ताकाचा ओशटपणा काढणे म्हणजे स्वच्छता, आणि त्यानंतर उरलेल्या सूक्ष्मजीवांची संख्या निरुपद्रवी पातळीवर आणणे म्हणजे घरगुती अर्थाने निर्जंतुकीकरण. हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण चिकटलेल्या थराखाली जंतूंना आसरा मिळतो व क्लोरीनचा प्रभाव त्या थरावरच खर्ची पडतो.

लातूर-धाराशिव भागात आणि त्याला लागून असलेल्या नांदेड जिल्ह्यातील कंधार, लोहा परिसरात मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, भज्जी या मिश्र भाजीबरोबर आंबील शेतात नेली जाते. ज्वारीचे पीठ आंबवून शिजवतात आणि गार झाल्यावर त्यात ताक, मीठ व लसूण घालतात. ताकातील दुग्धाम्ल तयार करणारे जीवाणू आंबिलीला आंबटपणा देतात. भांड्यात जुना थर राहिला असेल, तर बुरशी व इतर जंतू वाढून आंबिलीला उग्र वास येतो किंवा तार सुटते. शिजवण्याच्या पातेल्यापेक्षा नंतरचे मडके, पळी व झाकण यांची निगा अधिक महत्त्वाची असते, कारण त्यापुढे आंबिलीला उष्णता मिळत नाही. परदेशांत घरी बिअर तयार करणारेही उकळलेला रस निवल्यानंतर त्याला लागणारी प्रत्येक वस्तू याच कारणाने निर्जंतुक करतात.

स्वच्छतेचे साधन भांड्याच्या जातीवरून ठरते. मातीचे मडके सच्छिद्र असल्याने साबण व सुगंधी पावडर शोषून घेते आणि तो वास पुढे आंबिलीत उतरतो. म्हणून ते गरम पाणी, खाण्याचा सोडा व काथ्या यांनी घासावे. लाकडाच्या चाळलेल्या राखेतील पोटॅशियम कार्बोनेट ओशटपणा कापते. स्टीलसाठी धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी उत्तम. मात्र जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, भांडे त्याने खराब होते. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने उजळतात, तरी कल्हई नसल्यास त्यांत आंबील ठेवू नये, कारण आम्लामुळे तांबे विरघळून ती कळकते. बोअरच्या जड पाण्याने धरलेला पांढरा क्षार व्हिनेगर किंवा लिंबाने निघतो.

निर्जंतुकीकरणाचे सर्वांत भरवशाचे घरगुती साधन म्हणजे उकळते पाणी. पळी व झाकण १० मिनिटे उकळावे. मडक्यात आधी कोमट व मग उकळते पाणी घालावे, अन्यथा ते तडकते. नंतर ते उपडे घालून कडक उन्हात पूर्ण सुकवावे, कारण ओलसर मडके झाकून ठेवले की बुरशी धरते. काचेच्या, चिनी मातीच्या व स्टीलच्या भांड्यांसाठी बिनवासाचे, सुमारे ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेले द्रव ब्लीच ४ लिटर पाण्यात २० मिलिलिटर मिसळावे. त्यातून १० लाखांत सुमारे २०० भाग क्लोरीन मिळते. भांडे त्यात २ मिनिटे ठेवून उकळून गार केलेल्या पाण्याने विसळावे. जास्त वेळ ठेवल्यास स्टीलला खड्डे पडतात, तर मातीचे मडके क्लोरीन शोषून घेते. म्हणून मडक्यासाठी ब्लीच वापरू नये.

ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू वा चिंच मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनियाच्या संयोगानेही घातक वायू तयार होतात. तुरटीने पाण्यातील गाळ खाली बसतो, परंतु भांडे निर्जंतुक होत नाही. व्हिनेगरवरही त्यासाठी विसंबू नये. फिनाईल व संडास साफ करण्याची द्रावणे अन्नाच्या भांड्यांना कधीही लावू नयेत.