मिनिटाला किती श्वास?

निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शिकवला जाणारा हा आकडा ठरायला फार काळ लागला, आणि ठरल्यावरही रुग्णालयांनी त्याची कदर उशिरा केली.

भारतात श्वासाचा संबंध आधी कालगणनेशी जोडला गेला. सूर्यसिद्धान्तात ‘प्राण’ हे काळाचे एकक आहे. सहा प्राणांचे एक पळ, साठ पळांची एक घटिका, साठ घटिकांची एक अहोरात्र. पळ २४ सेकंदांचे, म्हणून प्राण ४ सेकंदांचा. अहोरात्रीत २१,६०० प्राण. घेरंडसंहितेसारख्या हठयोगाच्या ग्रंथांत माणसाच्या दिवसरात्रीच्या श्वासांची संख्याही हीच दिली आहे. मिनिटाला १५. वर्तुळाच्या ३६० अंशांत कलाही (अंशाचे साठावे भाग) २१,६००च असतात, तेव्हा हा आकडा रुग्ण मोजून काढलेला नाही, तो खगोलगणिताच्या सोयीचा आहे. तरीही तो आजच्या मर्यादेच्या जवळजवळ मध्यावर पडतो, ही विलक्षण गोष्ट आहे.

वैद्यांचे लक्ष मात्र संख्येपेक्षा श्वासाच्या चालीकडे होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार येतात. पहिले तीन असाध्य मानले आहेत. छिन्नश्वासात श्वास मध्येच तुटतो.

रुग्णाच्या उशाशी उभे राहून मोजायचे तर मिनिट अचूक दाखवणारे घड्याळ हवे. इंग्लंडमधील लिचफील्डचे वैद्य जॉन फ्लॉयर यांनी १७०७ साली नाडी मोजण्याच्या घड्याळावर ग्रंथ लिहिला आणि नाडीबरोबर श्वासही मोजले. ते स्वतः दम्याचे रुग्ण होते. पुढे १८४६ साली लंडनमध्ये जॉन हचिन्सन यांनी स्पायरोमीटर मांडला आणि दोन हजारांहून अधिक लोकांच्या फुप्फुसांची क्षमता तपासली. या कामात आयुर्विमा कंपन्यांनाही रस होता. हचिन्सन यांनी श्वासांचा वेगही नोंदवला. बहुतेकांचा १६ ते २४ च्या दरम्यान होता. सामान्य मर्यादा पुढे खाली सरकली.

नुसती संख्या किती फसवी असते, हे त्याआधीच डब्लिनमध्ये दिसले होते. जॉन चेन यांनी १८१८ साली एका साठ वर्षांच्या रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. त्याचा श्वास पाव मिनिट पूर्ण थांबे, मग हळूहळू जाणवू लागे, खोल आणि जलद होई, पुन्हा ओसरत थांबे. हे आवर्तन सुमारे एका मिनिटाचे होते आणि त्यात तीसेक श्वास होत. तक्त्यावर ३० लिहिले असते, तर यातले काहीच कळले नसते. त्याच शहरातील विल्यम स्टोक्स यांनी १८५४ साली हृदयरोगावरील ग्रंथात हे लक्षण पुन्हा वर्णिले, म्हणून ते चेन-स्टोक्स श्वसन ठरले. १८७४ साली अडोल्फ कुसमाउल यांनी मधुमेहाच्या बेशुद्धीतील खोल, कष्टाचा श्वास वर्णिला.

या बदलांमागची यंत्रणा १९०५ साली उलगडू लागली. ऑक्सफर्डमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन प्रीस्टली यांनी दाखवले की श्वासाचा वेग मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या पातळीवर ठरतो. रक्तात आम्ल वाढले, की शरीर जोराने श्वास घेऊन हा वायू बाहेर टाकते. कुसमाउल यांच्या रुग्णांत हेच घडत होते. ताप, न्यूमोनिया किंवा रक्तातला जंतुसंसर्ग असला तरी वेग २० च्या वर जातो. अफूजन्य औषधे मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावतात, तेव्हा तो १२ च्या खाली येतो.

एवढे कळूनही वॉर्डात हा आकडा उपेक्षितच राहिला. तापाला थर्मामीटर आला, रक्तदाबाला पट्टा आला. श्वासासाठी मात्र कोणीतरी पूर्ण मिनिट थांबावे लागते. शिवाय आपल्याकडे कोणी पाहते आहे हे कळताच माणसाचा श्वास बदलतो. म्हणून परिचारिका मनगट धरून नाडी मोजत असल्यासारखे दाखवते आणि नजर छातीवर ठेवते. घाईच्या वेळी तक्त्यात अंदाजाने १८ किंवा २० लिहिले जाते.

या मोजणीचे मोल महाराष्ट्रात गडचिरोलीने दाखवले, तेही लहान मुलांच्या बाबतीत. अभय आणि राणी बंग यांनी निरक्षर दायांसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधे मोजयंत्र तयार केले. त्यामुळे बाळाचा न्यूमोनिया गावातच ओळखता येऊ लागला.

प्रौढांच्या बाबतीत १९९३ साली अमेरिकेतील एका अभ्यासात, २७ च्या वर गेलेला श्वासांचा वेग हा वॉर्डातील रुग्णाचे हृदय बंद पडण्याची पूर्वसूचना देणारा महत्त्वाचा आकडा ठरला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली गुणांकनाची पद्धत दिली: १२ ते २० ला शून्य गुण, ९ ते ११ ला एक, २१ ते २४ ला दोन, आणि ८ किंवा कमी अथवा २५ किंवा अधिक असल्यास तीन. कोविडच्या काळात भारताच्या उपचार मार्गदर्शिकेतही ऑक्सिजनच्या पातळीबरोबर श्वासांचा वेग हा निकष होता. २४ पासून आजार मध्यम आणि ३० च्या वर तीव्र मानला गेला.