सुरतेचा गावाकडचा फोन आणि इंटरनेट कॉलच्या जाहिरातीची पारख

सुरत हे बाहेरून आलेल्या माणसांच्या श्रमावर वाढलेले शहर आहे. ताप्ती खोऱ्यातल्या रेल्वेमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे इथल्या गिरण्यांत आणि यंत्रमागांवर आली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशी वस्ती वाढली आणि महापालिकेने मराठी माध्यमाच्या शाळाही चालवल्या. ओडिशातल्या गंजामहून यंत्रमाग कामगार आले, सौराष्ट्रातून हिऱ्याला पैलू पाडणारे कारागीर आले. अशा शहरात गावाकडे फोन लावण्याचा खर्च हा घरखर्चाचाच भाग असतो. म्हणून फोनसेवेची जाहिरात कशी जोखावी, हा प्रश्न इथे फार जवळचा आहे.

सुरुवातीला ट्रंक कॉल होता. तो ऑपरेटरकडे नोंदवावा लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार होते, आकारणी तीन मिनिटांच्या हिशेबाने होई आणि फोन लागण्यासाठी तासन् तास ताटकळावे लागे. १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये ऑपरेटरशिवाय थेट दूरच्या गावी फोन लावण्याची देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. सर्वसामान्य माणसाच्या हाती ती आली ती मात्र ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी-पीसीओ बूथमधून. रात्री अकरानंतर दर एक-चतुर्थांश होत, त्यामुळे गावाकडे बोलणारे त्या वेळी रांग लावत. तेव्हा दूरध्वनी ही सरकारची मक्तेदारी होती आणि गिऱ्हाईक ओढण्यासाठी जाहिरातीची फारशी गरज नव्हती. बूथमधल्या मीटरवर रक्कम बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाढत जाई. संभाषणाची किंमत इतकी उघड दिसण्याचा काळ पुन्हा आला नाही.

परदेशी फोन तर फारच महाग होता. नव्वदच्या दशकात अमेरिकेशी बोलायला मिनिटाला पन्नास रुपयांहून अधिक लागत. १ एप्रिल २००२ रोजी परदेशी फोनवरची विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली आणि त्याच दिवसापासून इंटरनेटवरून बोलण्यास कायदेशीर परवानगी मिळाली. ही परवानगी अर्धीच होती: संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोलता येई, देशातल्या साध्या फोनवर मात्र नाही. अँटवर्प किंवा हाँगकाँगशी व्यवहार असलेल्या हिरे व्यापाऱ्याला तिचा उपयोग होता. लिंबायतहून अमळनेरला फोन लावू पाहणाऱ्या कामगाराला नव्हता. ‘इंटरनेटवरून स्वस्त फोन’ या एकाच वाक्याचा अर्थ दोघांसाठी वेगळा होता.

खासगी मोबाइल कंपन्यांच्या स्पर्धेने दूरचित्रवाणीवर फोनसेवेच्या जाहिरातींचा पूर आला. रिलायन्स इन्फोकॉमने मिनिटाला ४० पैसे दराची घोषणा केली, तिथपर्यंत जाहिरातीत निदान दर तरी सांगितला जाई. पुढे दराची जागा ‘मोफत’, ‘अमर्याद’ आणि ‘सर्वांत वेगवान’ या शब्दांनी घेतली. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळे पैसे घेण्याचे जाहीर केले आणि विरोध होताच काही दिवसांत ते मागे घेतले. २०१५ साली याच कंपनीच्या फोर-जी वेगाच्या जाहिरातीवर जाहिरात मानक परिषदेने आक्षेप घेतला. दाव्यासोबत आवश्यक अटी सांगितलेल्या नाहीत, म्हणून ती दिशाभूल करणारी ठरली.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले. त्याचा आवाजही इंटरनेटच्या तंत्राने जाणारा आणि सर्व कॉल मोफत, असे सांगण्यात आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मात्र अन्य कंपन्यांच्या क्रमांकांवरील कॉलसाठी मिनिटाला ६ पैसे लागू झाले आणि १ जानेवारी २०२१ पासून ते पुन्हा बंद झाले. जाहिरातीतला शब्द आणि सेवेच्या अटी यांच्यातले अंतर या सव्वा वर्षात सगळ्यांनी अनुभवले. २०१८ साली बीएसएनएलने विंग्ज सेवा आणली. तीत अ‍ॅपवरून देशातल्या कोणत्याही फोनवर बोलता येई आणि वर्षाला १,०९९ रुपये अशी रक्कम सरळ सांगितलेली होती.

या इतिहासातून जाहिरातीच्या पारखेचे निकष निघतात. पहिला, पलीकडच्या माणसाकडे तेच अ‍ॅप, स्मार्टफोन आणि नेट लागते का. सुरतेतल्या मुलाकडे हे सारे असेल, पण गावातल्या आईकडे साधा फोन असेल, तर मोफत कॉल तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. दुसरा, डेटाचे पैसे कोण भरतो. कॉलचे वेगळे पैसे नसले तरी रिचार्जचे असतातच. तिसरा, सवलत किती दिवसांची आहे. चौथा, रेंज कमी असताना आवाज टिकतो का, कारण जाहिरातीतले संभाषण कधी तुटत नाही. पाचवा, संकटात ११२ क्रमांक लागतो का. निव्वळ इंटरनेटवर चालणाऱ्या अनेक अ‍ॅपवरून तो लागत नाही.

सहावा निकष भाषेचा आहे आणि सुरतेसारख्या बहुभाषी शहरात तो निर्णायक ठरतो. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार दावा ज्या भाषेत असेल, त्याच भाषेत अटींची सूचनाही द्यावी लागते. मराठी वाहिनीवर मराठीत मोठे आश्वासन देऊन पडद्याच्या तळाशी इंग्रजीत बारीक अटी सरकवणारी जाहिरात या नियमात बसत नाही. बूथच्या मीटरने जो हिशेब अक्षरओळख नसलेल्यालाही दाखवला, तो जाहिरातीने निदान प्रेक्षकाच्या भाषेत सांगावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.