खेळ आणि बालकांची भावओळख

दोन ते सहा वर्षांच्या मुलांना स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखता, सांगता आणि सावरता याव्यात यासाठी खेळाचा केला जाणारा उपयोग. या वयात भावना तीव्र असते, शब्द मात्र थोडे असतात. म्हणून मूल चावते, वस्तू फेकते, रुसून बसते किंवा भीती वाटली तरी ‘पोटात दुखतंय’ म्हणते. चेहऱ्यावरून आनंद सर्वांत आधी ओळखू येतो. राग, दुःख आणि भीती यांत बराच काळ गल्लत होते. एकाच वेळी दोन विरुद्ध भावना मनात असू शकतात, हे तर सहसा सहा-सात वर्षांनंतरच उमगू लागते.

मुंबईत या कामाला जुना आधार आहे. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, 1936 साली नागपाड्यात सुरू झाली आणि 1937 मध्ये तिने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. 1954 मध्ये संस्था देवनारला, उपनगरात आली. मुंबईबाहेर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक (1892–1973) यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह बालशिक्षण आदिवासी पाड्यांवर, मुलांच्या अंगणात नेले. बिया, शिंपले, पाने ही तिथली खेळणी होती. महागड्या साहित्यावाचून मूल मोकळे होते, हे या कामातून स्पष्ट दिसले.

सर्वांत प्रभावी साधन भातुकलीच. साधारण दीड वर्षाचे मूल रिकाम्या कपातून खोटा चहा पिऊ लागते. तीन-चार वर्षांचे मूल बाहुलीला रागावते, इंजेक्शन देते, शाळेत सोडून येते. बाहुली शाळेत जाईना, तर ती भीती बहुधा मुलाचीच असते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोट्स्की यांनी 1933 मधील व्याख्यानात मांडले होते की, खेळात मूल भूमिकेचे नियम स्वखुशीने पाळते आणि त्यातूनच ऊर्मी आवरायला शिकते. ‘स्टॅच्यू’ किंवा लपाछपीत हेच घडते: हलावेसे वाटते, तरी थांबायचे.

मोठ्यांचे काम खेळात मागे राहण्याचे. ‘बाहुलीला काय झालंय?’ एवढे विचारून थांबावे. मुलाने तिला आपटले, तर ‘तिला फार राग आलाय वाटतं’ असे म्हणून भावनेला नाव द्यावे; कोणाला मारू मात्र देऊ नये. ‘रडू नकोस, मुलगे रडत नाहीत’ या वाक्याने रडणे थांबते, दुःख तसेच राहते. हसरे-रडवे चेहरे छापलेले तक्ते बालवाडीत हल्ली सर्रास दिसतात. ते उपयोगी आहेत, पण दुय्यम. मुलाने आधी खेळात अनुभवलेली भावनाच त्याला चित्रात सापडते.

मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत अनेक घरांतले आईबाबा कामासाठी लोकलने जातात-येतात आणि मूल दिवसभर पाळणाघरात किंवा आजी-आजोबांजवळ असते. संध्याकाळी आई दिसताच ते रडू लागते, ते बहुतेकदा हट्टाने नव्हे; दिवसभर धरून ठेवलेले तिच्यापाशी सुटते. अशा वेळी फोन बाजूला ठेवून, मूल सांगेल तो खेळ दहा-पंधरा मिनिटे खेळावा. जागा लहान असली तरी चालते: उशी, चादर, पोळपाट पुरतात. सोसायटीच्या आवारात ‘येथे खेळू नये’ अशी पाटी असणे हे मात्र मुलांवर सरळ अन्याय करणारे आहे. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस ही संस्था 1969 साली दिल्लीत सुरू झाली आणि पुढे मुंबईतही आली. सतत स्थलांतर करणाऱ्या या मुलांना रोजची तीच ताई आणि तोच खेळाचा कोपरा फार मोलाचा असतो.

मूल कित्येक आठवडे खेळतच नसेल, एकच भयप्रसंग पुन्हा पुन्हा खेळत असेल किंवा बोलायचे थांबले असेल, तर बालरोगतज्ज्ञ वा बालमानसतज्ज्ञाला दाखवावे. शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक निःशुल्क असून त्यावर मराठीतून बोलता येते.