फरारी सैनिकाला आसरा आणि लष्करी मालाचा चोरटा व्यवहार: प्रतिबंधक कायदे

सैन्यातून पळालेल्या माणसाला मदत करणाऱ्या, तसेच सैनिकाकडून सरकारी शस्त्रे, कपडे वा साहित्य विकत घेणाऱ्या व्यक्तींविरुद्धचे कायदे. पळणाऱ्याला शासन करायला लष्करी न्यायालय असतेच. या कायद्यांचा रोख छावणीबाहेरच्या लोकांवर असतो: रात्री दार उघडणारा नातेवाईक, बंदूक गहाण ठेवून घेणारा सावकार, गणवेश विकत घेणारा जुन्या कपड्यांचा व्यापारी, जहाजावर जागा देणारा कप्तान. पळालेल्या सैनिकाला पोट भरायला, वेश बदलायला आणि दूर जायला इतरांचा हात लागतोच. तो हात आखडला तर पलायनही आटोक्यात राहते, असा कायदेकर्त्यांचा हिशेब होता.

हा हिशेब सर्वांत उघडपणे दिसतो तो अमेरिकी यादवी युद्धात. संघराज्याच्या सैन्यातून पळणाऱ्यांची संख्या चिंताजनक झाली होती. ३ मार्च १८६३ च्या सक्तीच्या सैन्यभरतीच्या कायद्यातील कलम २४ ने पलायनाची फूस लावणे, फरारी सैनिकाला लपवणे, जाणूनबुजून त्याला नोकरी देणे आणि सैनिकाकडून शस्त्र, दारूगोळा वा गणवेश विकत घेणे ही सगळी कृत्ये एकाच पंक्तीत बसवली. शिक्षा ५०० डॉलरपर्यंत दंड आणि ६ महिने ते २ वर्षे कैद. जहाजाचे कप्तान आणि रेल्वेचे कंडक्टरही त्यातून सुटले नाहीत. कलम २३ त्याहून कडक होते. सैनिकाला सरकारने दिलेली वस्तू विकता, गहाण टाकता, उसनी देता किंवा नुसती भेट म्हणूनही देता येत नसे. आणि ती सामान्य नागरिकाकडे सापडली, तर तेवढ्यावरूनच विक्री झाल्याचे सकृद्दर्शनी मानले जाई. मात्र धाकाबरोबर परतीची वाटही खुली ठेवली होती. त्याच महिन्यात अध्यक्ष लिंकन यांनी जाहीरनामा काढून १ एप्रिलपर्यंत पलटणीत परतणाऱ्यांना माफी देऊ केली. गैरहजेरीच्या काळातले वेतन व भत्ते तेवढे बुडणार होते.

माल सरकारी आहे हे सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न ब्रिटनने खुणांनी सोडवला. १८७५ च्या सार्वजनिक साठा कायद्याच्या परिशिष्टात त्यांची यादीच आहे. तागाच्या दोरात पिळातच गुंफलेले पांढरे, काळे वा रंगीत लोकरीचे धागे, कॅनव्हासवर नागमोडी निळी रेघ, मेणबत्तीच्या वातीत निळा किंवा लाल सुती धागा, लाकूड व धातूवर रुंद बाणाचे चिन्ह. दोराचा हातभर तुकडा कापून नेला तरी धागा आतून बोलतो. चोरी लपवण्यासाठी अशी खूण पुसणे हाही गंभीर गुन्हा होता.

भारतात १८६० च्या दंड संहितेने सातवे प्रकरण सैन्यविषयक गुन्ह्यांना दिले. पलायनाला चिथावणी देणे (कलम १३५) आणि फरारी सैनिकाला आसरा देणे (कलम १३६), दोन्हींना २ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आसऱ्याची व्याख्या पुढे व्यापक करण्यात आली: अन्न, पैसे, कपडे, वाहन, काहीही पुरवले तरी तो आसराच. कलम १३७ तर माहिती नसलेल्यालाही धरत असे. व्यापारी जहाजावर फरारी सैनिक लपला आणि कप्तानाच्या हलगर्जीमुळे तो ध्यानात आला नाही, तर दंड कप्तानाला. मुंबईसारख्या बंदरांच्या दृष्टीने हे कलम महत्त्वाचे होते.

कलम १३६ मध्ये एकच अपवाद होता: पत्नीने पतीला दिलेला आसरा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम १६४ झाले आणि अपवाद पती वा पत्नी अशा दोघांनाही मिळाला. स्त्रिया सैन्यात आल्यावर हा बदल व्हायलाच हवा होता. पण आईला सूट तेव्हा नव्हती आणि आजही नाही. भेदरून घरी आलेल्या मुलाला जेवू घालणारी आई आणि पैसे घेऊन त्याला लपवणारा दलाल यांना एकाच कलमात बसवणे कठोर आहे; न्यायाधीशाला केवळ दंडावर भागवता येते, एवढीच त्यातली सवड.

सैनिकाने सैनिकाला लपवले तर प्रकरण अधिक गंभीर. सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम ३८ नुसार लष्करी कायद्याखालील व्यक्तीला यासाठी ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पलायनाची माहिती असून वरिष्ठांना न कळवणे हाही गुन्हाच; त्याला २ वर्षांपर्यंत.

मालमत्तेबाबत याच अधिनियमाचे कलम ५४ विकणाऱ्या सैनिकाला पकडते. आपल्याला मिळालेले पदक विकणे वा गहाण टाकणेही त्यात येते. घेणारा नागरिक चोरीचा माल बाळगण्याच्या सर्वसाधारण कलमाखाली अडकतो. लष्कराने स्वतः लिलावात काढलेला माल घेणे अर्थात कायदेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलेला ‘डिस्पोजल’चा माल असाच सरकारी विक्रीतला होता. सैनिक असल्याचे भासवण्याच्या हेतूने लष्करी पोशाख घालणे मात्र न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. १५ जानेवारी २०२२ रोजी सेनादिनी नवा लढाऊ गणवेश पुढे आला, तेव्हा सैन्याने आणखी एक पाऊल टाकले. त्याच्या नक्षीची आणि रचनेची नोंदणी करून बौद्धिक संपदेचे हक्क मिळवले, त्यामुळे परवानगीविना तसे कापड व कपडे बनवून विकणाऱ्यावर दिवाणी दावाही लावता येतो.