मँचेस्टर टाउन हॉल : वास्तुरचना आणि नागरी स्मृती

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कापडधंद्यामुळे जगभर ख्याती पावलेल्या मँचेस्टर शहराला ब्रिटिश पार्लमेंटमध्ये स्वतंत्र प्रतिनिधी नव्हता. तो १८३२ च्या सुधारणा कायद्याने मिळाला, तर नगरपालिका १८३८ मध्ये अस्तित्वात आली. ही पार्श्वभूमी लक्षात घेतल्याशिवाय तेथील टाउन हॉलच्या भव्यतेचा अर्थ उमगत नाही. उशिरा लाभलेल्या नागरी सत्तेचा तो दगडातील उद्घोष होय.

स्पर्धेतून १८६८ मध्ये आल्फ्रेड वॉटरहाउस यांचा आराखडा निवडला गेला. केवळ सौंदर्याच्या कसोटीवर तो अग्रक्रमी नव्हता. प्रकाश, वायुवीजन आणि अंतर्गत ये-जा यांच्या सोयीत तो सरस ठरला. भूखंड त्रिकोणी असल्याने तिन्ही बाजूंना कार्यालये आणि मध्यभागी मोठे सभागृह अशी योजना करण्यात आली. टोकदार कमानी आणि सुमारे २८० फूट उंचीचा घड्याळाचा मनोरा मध्ययुगीन गॉथिक शैलीचे स्मरण देतात. तथापि, अंतर्गत व्यवस्था आधुनिक होती. खिडक्यांखालील दगडी झरोक्यांतून येणारी ताजी हवा गरम पाण्याच्या नळांच्या साहाय्याने उबदार केली जाई. १८७७ मध्ये या वास्तूचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने नव्हे, तर महापौर एबल हेवूड यांनी केले.

अलंकरणातही हाच नागरी अभिमान दिसतो. प्रवेशद्वाराशी डाल्टन आणि जूल या शास्त्रज्ञांचे पुतळे आहेत. फरशीवर उद्यमशीलतेचे प्रतीक असलेल्या मधमाश्या आहेत. सभागृहात फोर्ड मॅडॉक्स ब्राउन यांनी १८७९ ते १८९३ या काळात शहराच्या इतिहासावर १२ भित्तिचित्रे साकारली. त्यांत फ्लेमिश विणकर आहेत, धावत्या धोट्याचा जनक जॉन के आहे; परंतु १६ ऑगस्ट १८१९ चे पीटरलू हत्याकांड नाही. मताधिकारासाठी जमलेल्या निःशस्त्र जमावावर घोडदळाने हल्ला केला, ते मैदान या वास्तूपासून जवळच होते. ज्यांच्या कापसावर गिरण्या चालल्या, ते अमेरिकेतील गुलाम आणि अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) मागणी वाढलेला कापूस पिकवणारे वऱ्हाडातील शेतकरी यांनाही या भिंतींवर स्थान नाही.

तात्पर्य, सार्वजनिक वास्तू हे इतिहासाचे निःपक्षपाती साधन नव्हे. ती जे मिरवते त्याइतकेच ती जे वगळते तेही बोलके असते. मुंबई महानगरपालिकेच्या १८९३ मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीसारख्या वास्तूंचा अभ्यास करतानाही ही दृष्टी उपयुक्त ठरावी.