भोंगा आणि बाळगोळी

माझ्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक पितळी डबी होती. सुपारीएवढी, फिरकीच्या झाकणाची, आतून काळपट पडलेली. लहानपणी मला तो जुना कुंकवाचा करंडा वाटायचा. १९७५ साली मी बालवाडीचं प्रशिक्षण घेऊन घरी आले आणि तान्ह्या मुलाच्या झोपेच्या वेळा कशा सांभाळायच्या हे उत्साहाने तिला सांगू लागले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग उठली, ट्रंक उघडली आणि ती डबी माझ्या तळहातावर ठेवली.

"आमी पोरं हिच्यातून निजवली," ती म्हणाली.

ती बाळगोळीची डबी होती. बाळगोळी म्हणजे अफू. मोहरीएवढी गोळी आईच्या दुधात उगाळायची आणि बोटाने बाळाच्या जिभेवर चाटवायची. मूल वाढत गेलं की मोहरीचा मूग व्हायचा. आजी ही गोळी पहाटे द्यायची, गिरणीचा पहिला भोंगा आणि दुसरा भोंगा यांच्या मधल्या वेळात.

आजी लग्न होऊन संगमेश्वर तालुक्यातल्या गावातून मुंबईला आली ती १९२८ साली, नायगावच्या बीडीडी चाळीत. सरकारने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड इथे अशा २०७ चाळी बांधल्या. एका बिऱ्हाडाला एक खोली, १६० चौरस फुटांची. त्या खोलीत आजी-आजोबा, दोन दीर आणि गावाकडचा एक पाहुणा कायमचा. आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. सूत बॉबिनवर चढवण्याचं ते काम, आणि मजुरी कामावर, वेळेवर नाही. हात थांबला की पैसा थांबला. शिवाय वर नायकीण, म्हणजे खात्यातली मुकादमीण. उशीर झाला की ती दारातूनच परत पाठवायची.

मूल कुणाकडे ठेवायचं? चाळीच्या टोकाच्या खोलीत एक म्हातारी पाच-सहा पोरं सांभाळायची. पोरं आणताना गोळी दिलेली असली पाहिजे, ही तिची अट होती. आजी तिला दोष देत नसे. एका बाईने एका अंधाऱ्या खोलीत सहा जागी पोरं कशी सांभाळावीत, असं ती मलाच विचारायची.

पुढे तीस वर्षं मी लहान मुलं झोपवण्याचं काम केलं, आणि त्या अनुभवातून मला गिरणगावाची ही गोष्ट जास्त कळत गेली. तान्ह्या मुलाची झोप तुकड्यातुकड्यांची असते. पहिल्या महिन्यांत ते दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं, पण सलग नाही. पोट एवढंसं, दर दोन-तीन तासांनी ते रितं होतं, आणि भूक त्याला उठवते. ते उठणं म्हणजेच त्याचं जगणं. गिरणीचा वेळ मात्र अखंड होता. १९२२च्या फॅक्टरी कायद्यात मोठ्या माणसाच्या कामाची मर्यादा दिवसाला अकरा तास आणि आठवड्याला साठ होती. जाणं-येणं आणि नळावरची रांग धरली की आई तेरा-चौदा तास दूर. तुकड्यांची झोप या अखंड वेळात बसवायची कशी, हा प्रश्न होता, आणि त्याचं त्या काळातलं उत्तर त्या पितळी डबीत होतं.

अफूने मूल झोपतं असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. झोपेत मूल कुशी बदलतं, ओठ हलवतं, हसतं, भुकेने चाळवतं. अफूने मूल गप्प होतं. भूक मरते, पोट घट्ट होतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मंदावतो. दूध मागायला ते उठतच नाही, म्हणून सुकत जातं. आणि काही महिन्यांत तीच मात्रा पुरेनाशी होते, ती वाढवावी लागते, आणि वाढवताना एखाद्या पहाटे चूक होते. आजीचा पहिला मुलगा नऊ महिन्यांचा होऊन गेला. दाखल्यावर काय लिहिलं होतं ते तिला कुणी वाचून दाखवलं नाही. तिने मला एवढंच सांगितलं की त्या दिवशी तो तिच्या येण्याच्या वेळेलाही उठला नाही.

ही सवय गिरण्यांनी आणली असं मात्र मी म्हणणार नाही. दात येताना, हगवणीत, सुगीच्या दिवसांत गावोगाव मुलांना अफू दिली जायची. गिरणगावात तिला रोजची ठरलेली वेळ मिळाली, एवढा फरक. अफू मिळायलाही अडचण नव्हती, कारण ती परवान्याच्या दुकानांत उघड विकली जायची आणि तिचा महसूल सरकारला जायचा. माळव्याची अफू याच मुंबई बंदरातून चीनला जात होती. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या संपत्तीत कापसाइतकाच अफूचाही वाटा होता. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली तेव्हा या शहराला अफू नवी नव्हती. १८९३ साली ब्रिटिश सरकारने अफूवर शाही आयोग नेमला. मुलांना अफू देण्याच्या सवयीबद्दल त्याच्यापुढे साक्षी झाल्या, आणि तरीही विक्री बंद करण्याची गरज नाही, असाच आयोगाचा कल राहिला.

१९२२ साली डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंनी मुंबई सरकारसाठी गिरणीकामगार बायकांची पाहणी केली. चाळींतून फिरून बाळंतपणं, खोल्या, पोरं पाहिली. त्यांचा अहवाल सरकारच्या लेबर गॅझेटमध्ये छापून आला. त्यातला एक आकडा पुढे अनेकांनी उद्धृत केला: कामगार बायकांच्या शंभरातल्या ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. म्हणजे जवळजवळ सगळ्याच. त्याच सुमारास, १९२१ साली, मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त बालमृत्यू नोंदले गेले. हा आकडा सावधपणे वाचावा लागतो. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात. जन्म कोकणात नोंदला जाई आणि मृत्यू परळला. पण ही सूट देऊनही तो छोटा होत नाही. सगळा दोष अफूचाही नव्हता: घाणेरडं पाणी, खोकला, देवी, एका खोलीत दहा माणसं.

त्या काळातल्या अहवालांमध्ये एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: अज्ञान. अडाणी आया मुलांना विष देतात, असा सूर. मला हा शब्द सहन होत नाही. जिथल्या यंत्रांवर आमच्या बायका सूत गुंडाळत होत्या, त्या इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये त्याआधी शंभर वर्षं नेमकं हेच चाललं होतं. मँचेस्टरच्या गिरणीकामगार बायका पोरांना 'गॉडफ्रेज कॉर्डियल' द्यायच्या. काकवीत कालवलेली अफूच ती. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायची. अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' होतं, त्यात मॉर्फिन. भाषा वेगळी, धर्म वेगळा, हवामान वेगळं, आणि बाटली तीच. मग ते संगमेश्वरच्या बाईचं अज्ञान कसं? जिथे आईचे सगळे तास यंत्राने घेतले, तिथे तिथे अफू पाळण्यात आली.

आणि ती गेली तीही त्याच वाटेने. नुसत्या उपदेशाने गेली असं मला वाटत नाही. मुंबई विधिमंडळात रा. सो. आसवले यांनी प्रसूती भत्त्याचं विधेयक आणलं. जुलै १९२८मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना सांगितलं की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात देशाचं हित आहे, आणि जो मालक बाईच्या कष्टावर नफा कमावतो त्याने तो भार उचलायला हवा. १९२९ साली कायदा झाला. मुंबईत दिवसाला आठ आणे, बाळंतपणाच्या आधीचे आणि नंतरचे मिळून सात आठवडे. आज हसू येईल एवढी रक्कम, पण माझी आई १९३४ साली जन्मली तेव्हा आजीला हा भत्ता मिळाला आणि चार आठवडे ती मुलीजवळ राहिली. त्या चार आठवड्यांत डबी उघडली नाही, हे ती प्रत्येक वेळी आवर्जून सांगायची.

पुढे तिच्या गिरणीत पाळणाघर निघालं. बायका आधी तिथे पोर ठेवायला धजेनात. कुणाच्या पोराशेजारी झोपवतील, कुणाच्या हातचं पाजतील, दृष्ट लागेल. आजीलाही यातलं सगळं वाटलं होतं. ती गेली ते एका कारणाने: दुपारच्या सुटीत मुलीला अंगावर पाजता येत होतं. मधेच एकदा पाजलं की मूल पुन्हा निजतं, त्याला गोळी लागत नाही, हे तिला आठवड्याभरात कळलं. १९३४च्या कायद्याने कामाचे तास दहावर आले, १९४८च्या कायद्याने नऊवर, आणि पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. अफूची किरकोळ विक्री स्वतंत्र भारतात दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करून १९५९ साली बंद केली गेली. पण त्याआधीच आजीची डबी ट्रंकेच्या तळाशी गेली होती.

गोळीविना मूल झोपवण्याची रीत आजीकडे होतीच, तिच्या आईकडून आलेली. ती तिला वापरता आली ती वेळ हातात आल्यावर. संध्याकाळी पायांवर आडवं घेऊन कोमट तेलाने अंग रगडणं, टाळू भरणं, ऊन पाणी, कोरडं करून मऊ जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळणं, पोटभर पाजणं, मग दोन खिळ्यांना बांधलेली झोळी आणि एकाच चालीतलं हळू गुणगुणणं. रोज त्याच क्रमाने. बाळाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. तेलाचा वास आला की पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असतं, आणि ठाऊक असलं की ते निवांत होतं. त्या रीतीतलं काही मी सोडून दिलं. ओवा-वावडिंगाची धुरी नको, धुराने चिमुकली छाती भरते. दुपटं पायांवर घट्ट आवळू नये, खुब्याला त्रास होतो. पण क्रम मी कधी सोडला नाही.

मी काम केलं ते इमारतींच्या बांधकामांवर चालणाऱ्या पाळणाघरांत. पत्र्याची शेड, खाली सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि वर सतरंज्या, बाहेर मिक्सरची घरघर. मराठवाड्यातून, तेलंगणातून, बिहारमधून आलेल्या आयांची पोरं. पहिल्या दिवशी प्रत्येक मूल रडायचं. आम्ही रोज साडेअकराला हातपाय धुवायचो, खिमट भरवायचो, दाराला चादर लावून उजेड कमी करायचो आणि प्रत्येकाला त्याच्याच जागेवर निजवायचो. जागा बदलायची नाही. डोळे जड झाले की मांडीवरून खाली ठेवायचं, पूर्ण झोपायची वाट पाहायची नाही, म्हणजे अर्धवट जाग आली तर मूल आपणच पुन्हा झोपतं. हात पाठीवर राहू द्यायचा. आठ-दहा दिवसांत बाराच्या ठोक्याला शेड शांत व्हायची. मिक्सर चालूच असायचा.

एकदा एक दीड वर्षाची मुलगी यायला लागली. सकाळी आणतानाच ती झोपलेली, दुपारपर्यंत उठायची नाही, उठली की किरकिर. आईला जवळ बसवून विचारलं. ती आधी गप्प राहिली, मग ओच्यातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. मुलीला खोकला नव्हता. रात्रपाळीचं काम होतं, आणि झोपडीत मोठा मुलगा सात वर्षांचा, तो बहिणीला सांभाळायचा. कुठल्याशा औषधाच्या दुकानात सांगितलं होतं, याने पोर शांत झोपतं. त्या बाटलीकडे बघताना मला आजीची डबी आठवली. आम्ही मुकादमाशी भांडून त्या बाईची पाळी दिवसाची करून घेतली. पहिले दिवस मुलगी फार रडली. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून आपल्या सतरंजीवर जाऊन आडवी झाली.

ही औषधं आजही घरोघरी आहेत, आणि ती झोपड्यांतच असतात असं समजू नका. सर्दी-खोकल्याच्या ज्या मिश्रणाने मुलं पेंगतात, त्यातलं क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं एक मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापा, असं देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ साली कंपन्यांना सांगितलं. मूल झोपत नाही म्हणून ते देणं तर कधीच नको. झोपेची तक्रार फार दिवस राहिली तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि नोकरी करणाऱ्या आयांना एक सांगते. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायला हवं. तुमच्या कामाच्या जागी ती सोय नसेल तर एकटीने गप्प बसू नका. चौघीजणी मिळून जा, आणि लेखी मागा.