पिकअपचे ‘एचपी’ खरंच वाढले का? पार्ट बदलल्यावर ताकद मोजायची कशी

नाशिक रोडच्या बिटको चौकातून पुण्याच्या रस्त्याला लागलं की शिंदे-पळसे मागे पडतं आणि सिन्नरच्या अलीकडे मोहदरी घाट लागतो. कांद्याच्या गोण्या, टोमॅटोचे क्रेट किंवा किराणा भरलेली पिकअप इथे तिसऱ्या गिअरवर येते, कधी दुसऱ्यावरही. मागून कंटेनर हॉर्न देत असतो आणि गाडी काही केल्या उचलत नाही. मग मोबाईलवर दिसणारी रील आठवते: ‘हा फिल्टर लावा, १० एचपी वाढवा’, ‘हा बॉक्स जोडा, गाडी उडेल’.

असे पार्ट नटबोल्टने किंवा प्लगने बसतात. त्यासाठी इंजिन खोलावं लागत नाही. एअर फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर, मोठा इंटरकूलर, ट्यूनिंग बॉक्स हे सगळे याच प्रकारातले. त्यांची किंमत काही हजारांपासून सुरू होते, आणि भाड्याच्या गाडीवर पोट असलेल्या माणसासाठी ती कमी नसते. त्यामुळे प्रश्न सरळ आहे. सांगितलेले एचपी खरंच मिळतात का, आणि ते तपासायचं कसं?

एचपी म्हणजे नेमकं काय?

हॉर्सपॉवर हे एकक स्कॉटिश अभियंता जेम्स वॅट यांनी रूढ केलं. वाफेचं इंजिन किती घोड्यांचं काम करतं हे गिऱ्हाइकाला समजावं, हा त्यामागचा हेतू होता. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जेवढी ताकद लागते, ती मेट्रिक पद्धतीत १ पीएस, म्हणजे ७३५.५ वॅट. ब्रिटिश पद्धतीतला १ एचपी थोडा मोठा, ७४५.७ वॅटचा.

म्हणून ७५ पीएस, ७४ बीएचपी आणि ५५ किलोवॅट ही एकाच इंजिनाची ताकद असू शकते. आधीचा आकडा बीएचपीत आणि नंतरचा पीएसमध्ये सांगितला, तर काहीही न बदलता एक ‘घोडा’ वाढलेला दिसतो.

बीएचपीमधला ‘बी’ म्हणजे ब्रेक. फिरत्या शाफ्टला ब्रेक लावून त्याचा जोर मोजण्याची युक्ती फ्रान्सच्या गॅस्पार द प्रोनी यांनी १८२१ मध्ये काढली. आजच्या डायनोचं मूळ त्यातच आहे.

ताकद दोन गोष्टींतून येते: टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे. न्यूटन मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७०२४ केलं की पीएस मिळतो. २०० न्यूटन मीटर टॉर्क २००० आरपीएमला असेल, तर त्या क्षणी इंजिन साधारण ५७ पीएस देत असतं. भरलेली पिकअप घाट चढते ती याच पट्ट्यात. जाहिरातीतला आकडा मात्र बहुतेक वेळा शेवटच्या टोकाचा असतो, जिथे लोड असलेली गाडी क्वचितच जाते.

कंपनीचा आकडा आणि डायनोचा आकडा

नाशिककरांना इंजिनाचं जग नवं नाही. सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे, तर इगतपुरीला त्याच कंपनीची इंजिनं बनतात. सातपूरच्याच बॉशमध्ये, म्हणजे जुन्या लोकांच्या ‘मायको’त, डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल तयार होतात.

कंपनी जाहीर करते ती ताकद इंजिनाच्या फ्लायव्हीलवर मोजलेली असते. त्यासाठी इंजिन गाडीतून वेगळं करून बंद खोलीत चालवतात. हवा, तापमान, इंधन सगळं ठरलेलं असतं. पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये अशा चाचण्या होतात.

ट्यूनिंगवाल्याकडचा डायनो वेगळा असतो. त्यात पूर्ण गाडी रोलरवर चढवून पट्ट्यांनी बांधतात आणि चाकावर येणारी ताकद मोजतात. गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि टायरमध्ये काही ताकद वाटेतच खर्च होते. ही घट ढोबळमानाने १५ टक्के धरतात, पण हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे.

इथेच दुसरा सापळा आहे. समजा चाकावर ६० पीएस आले. घट १५ टक्के धरली, तर इंजिनाची ताकद ७०.६ पीएस निघते. २० टक्के धरली, तर ७५. गाडी तीच, रोलर तोच, फक्त कॉम्प्युटरमधला एक अंक बदलला आणि ४.४ पीएस ‘वाढले’. त्यामुळे तुलना नेहमी चाकावरच्या आकड्याची चाकावरच्या आकड्याशीच करावी.

नाशिकची हवाही आकडा बदलते

इंजिनाला डिझेल जाळायला हवा लागते, आणि हवा सगळीकडे सारखी दाट नसते. नाशिक रोड समुद्रसपाटीपासून साधारण ५५० ते ६०० मीटर उंचीवर आहे. इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा ६ ते ७ टक्क्यांनी कमी असतो.

तापमानाचा फरक त्याहून मोठा. जानेवारीत पहाटे पारा १० अंशांवर असतो, निफाडला तर त्याच्याही बराच खाली. एप्रिल-मेच्या दुपारी तो ४० ला टेकतो. १० अंशांची हवा ४० अंशांच्या हवेपेक्षा जवळपास १० टक्के दाट असते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी ‘आधी’ मोजलं आणि जानेवारीच्या सकाळी ‘नंतर’ मोजलं, तर कुठलाही पार्ट न लावता इंजिन ताजंतवानं वाटतं.

यावर उपाय म्हणून डायनोच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती गुणक असतो. तो आकडा ठरावीक हवामानात आणून मांडतो. पण गुणकांचेही प्रकार आहेत. अमेरिकेतल्या ‘एसएई’ पद्धतीपेक्षा जुनी ‘एसटीडी’ पद्धत सुमारे ४ टक्के जास्त आकडा दाखवते.

टर्बो डिझेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. टर्बो स्वतःच हवा दाबून भरतो, त्यामुळे उंचीचा फटका त्याला कमी बसतो. तरीही टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाचा पूर्ण गुणक लावला, तर आकडा फुगतो. ६० पीएसवर ६ टक्के म्हणजे ३.६ पीएस, आणि ते कुठल्याच पार्टने दिलेले नसतात.

कोणत्या पार्टमधून काय मिळतं?

एअर फिल्टर: आजच्या टर्बो डिझेलमध्ये किती डिझेल सोडायचं आणि टर्बोने किती दाब द्यायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. हवा थोडी मोकळी झाली म्हणून ईसीयू जास्त डिझेल देत नाही. त्यामुळे चांगल्या स्थितीतला कंपनी फिल्टर काढून महागडा लावला, तर फरक बहुधा मोजमापाच्या चुकीतच हरवतो.

मग लोकांना फरक का जाणवतो? कारण जुना फिल्टर धुळीने भरलेला असतो. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये पेट्रोल गाड्यांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की तुंबलेला फिल्टर बदलल्यावर वेग पकडायचा वेळ ६ ते ११ टक्क्यांनी सुधारतो. म्हणजे फायदा ‘नवा’ असण्याचा असतो, ‘भारी’ असण्याचा नाही. शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीला जास्त मोकळा फिल्टर लावण्यात धोकाही आहे. बारीक धूळ आत गेली तर टर्बो आणि पिस्टन झिजतात.

फ्री-फ्लो सायलेन्सर: यात आवाज नक्की वाढतो. गाडी मोठ्याने ओरडली की ती जोरात पळतेय असा भास होतो. ताकदीतला फरक, ईसीयूला हात न लावता, किरकोळ राहतो.

ट्यूनिंग बॉक्स: यात मात्र वाढ खरी असू शकते आणि ती १० टक्क्यांच्या पुढेही जाऊ शकते. हा बॉक्स कॉमन रेलमधल्या डिझेलचा दाब ईसीयूला कमी दाखवतो. ईसीयू दाब वाढवतो आणि जास्त डिझेल आत जातं. त्याची किंमत उष्णता, काळा धूर, इंजेक्टरची झीज आणि क्लचवरचा ताण या रूपात चुकवावी लागते. लोड घेऊन घाट चढताना हे सगळं एकदम अंगावर येतं.

इंटरकूलर: टर्बोमधून निघालेली गरम हवा तो थंड करतो. एका झटक्याच्या चाचणीत फरक कमी दिसतो. उन्हाळ्यात लांब चढणीवर ताकद टिकून राहते का, हे पाहावं लागतं.

मोठे टायर: गाडी रुबाबदार दिसते, पण चाक जड होतं आणि गिअरिंग लांबतं. त्यामुळे चढणीला गाडी आणखी मंदावते.

डायनो नसेल तर?

डायनो प्रत्येक गावात नसतो. पण वजनकाटा आणि मोबाईलचं जीपीएस सगळीकडे असतं, आणि तेवढ्यावर बरंच काम भागतं.

गाडी लोडसकट काट्यावर मोजायची. मग सपाट, मोकळ्या, वाहतूक नसलेल्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० पासून ६० किलोमीटर वेगापर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन वेळ घ्यायची. वजन गुणिले ७७ भागिले सेकंद केलं की सरासरी वॅट मिळतात. ७३५ ने भागलं की पीएस.

समजा वजन ३००० किलो आहे आणि ८ सेकंद लागले. उत्तर सुमारे ३९ पीएस. पार्ट लावल्यावर ७.६ सेकंद लागले, तर ४१ पीएस. हा इंजिनाचा पूर्ण आकडा नाही, कारण वाऱ्याचा आणि टायरचा विरोध त्यातून आधीच गेलेला असतो. तुलनेसाठी मात्र तो चालतो.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की हाताने स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते, आणि तेवढ्याने १ पीएस इकडेतिकडे होतो. म्हणून एका फेरीवर भरवसा ठेवता येत नाही. काट्याच्या स्पीडोमीटरपेक्षा जीपीएसचा वेग बरा. शिवाय जाताना आणि येताना, दोन्ही दिशांना मोजावं, म्हणजे उतार आणि वारा यांचा परिणाम बराचसा वजा होतो.

खरी वाढ ओळखण्याची पद्धत

बोल्टने बसणाऱ्या पार्टचा एक मोठा फायदा आहे: तो काढता येतो. त्यामुळे सगळ्यात विश्वासाची चाचणी अशी. आधी मूळ पार्टवर मोजा, मग नवा लावून मोजा, आणि तो काढून मूळ पार्टवर पुन्हा मोजा. शेवटचा आकडा पहिल्याशी जुळला, तर मधला फरक पार्टचा. जुळला नाही, तर बदल हवेचा, इंजिनाच्या तापमानाचा किंवा मोजणाऱ्याचा.

बाकीच्या अटी साध्या आहेत:

• सगळी मोजमापं एकाच दिवशी, एकाच डायनोवर किंवा एकाच रस्त्यावर.
• इंजिन प्रत्येक वेळी सारखंच तापलेलं.
• टायरमधली हवा, लोड आणि टाकीतलं डिझेल तेवढंच.
• प्रत्येक वेळी किमान तीन फेऱ्या, आणि तिन्ही आकडे लिहून ठेवलेले.
• एअर फिल्टरची तुलना नव्या कंपनी फिल्टरशी, जुन्या मळलेल्याशी नाही.

तीन फेऱ्यांमध्येच २ पीएसचा फरक येत असेल, तर २ पीएसच्या वाढीचा दावा सिद्ध होत नाही. विक्रेत्याने फक्त एकच आलेख दाखवला, तर आधीचा आलेख, दोन्हींची तारीख, तापमान आणि वापरलेला गुणक विचारावा.

आरसी, विमा आणि दंड

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतल्या मूळ माहितीशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बीएस-६ गाडीचा धूर गाळणारा डीपीएफ किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला, तर प्रदूषणाचे नियमही मोडतात. वॉरंटी आणि अपघातानंतरचा विम्याचा दावा अडकू शकतो, तो भाग वेगळाच.

घाटात दमणाऱ्या गाडीसाठी आधी स्वस्त गोष्टी तपासाव्यात: एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचे फाटलेले पाइप, घासणारे ब्रेक, सुटणारा क्लच, इंजेक्टर आणि काट्यावरचं खरं वजन. एकेक दुरुस्त करून त्याच रस्त्यावर वेळ मोजत गेलं, तर बऱ्याचदा हरवलेले घोडे गाडीतच सापडतात. ते परत आल्यावरही गाडी कमी पडत असेल, तर पुढच्या खर्चाचा विचार करायला मूळ आकडा हाताशी असतो.